चिकटलेली दोन पानं

"काका, हे पान एवढं जाड का आहे?"

मालक तेव्हा कुणा म्हाताऱ्याच्या खालच्या कवळीत दात रोवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "पुठ्ठा असेल. भाग बदलतो ना तिथं."

"बाकी कुठंच भाग बदलताना पुठ्ठा नाहीये."

"मग छापणाऱ्याची हौस."

पुतणीनं पुस्तक उचलून ते एक पान खिडकीपुढे धरलं. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. उजेडापुढे वस्तू धरून आत काय आहे ते बघायची सवय तिच्या अंगात मुरलेली होती. तिनं पान थोडा वेळ तसंच धरलं आणि म्हणाली, "पुठ्ठा नाही काका. दोन पानं आहेत. चिकटलीत एकमेकांना."

मालकांच्या हातातला दात मेणात वाकडा बसला. हल्ली हात थरथरायचे, त्यामुळे तो तसाही वाकडाच बसायचा, पण त्यांनी तो लगेच सरळ केला नाही.

'मालक' हे त्यांचं नाव नव्हे, आणि ते कशाचे मालकही नव्हते. जागा भाड्याची, पुढच्या खोलीत कवळ्या करायचं काम, मागच्या खोलीत संसार, आणि तोही नऊ वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून एकट्याचा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, मालक कवळी करून परत धाडायचे. ज्यांच्या तोंडात आपलं काम बसलं आहे त्यांतलं एक सोडलं तर कुठलंच तोंड त्यांना ओळखीचं नव्हतं. मालक हे नाव पडलं ते रविवारच्या टेबलावर. कारण तिथं एक डाव चालायचा, आणि तो डाव त्यांचा होता.

डावाचं नाव 'खिंड'. एकतीस वर्षांपूर्वी एका बंद पडणाऱ्या दुकानातून मालकांनी ते खोकं उचललं होतं. आत दोन फासे आणि एक पुस्तक. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकायचं नाही की हरायचं नाही. डोंगरातली खिंड ओलांडायला निघालेला एक तांडा, एवढीच गोष्ट. एकानं सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक माणूस व्हायचं. कुणी वाटाड्या, कुणी दाई, कुणी चोर. त्या माणसाचं नाव, गुण आणि जवळच्या वस्तू एका कागदावर लिहायच्या आणि तो कागद जपायचा. माणूस काही धाडस करायला गेला की फासे टाकायचे. सगळं झाल्यावर हाती काय लागतं असं शेजारी विचारत, आणि मालक त्यांच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघत.

डाव काढणारी कंपनी दोन वर्षांत बुडाली. पण पुस्तकं काही गावांत पोचली होती, आणि दरवर्षी एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाला पत्र जायचं, "आमचा डाव चालू आहे." सुरुवातीला अशी नऊ पत्रं यायची. मग सात, मग तीन. गेली सहा वर्षं एकही आलं नव्हतं. याचा अर्थ मालकांनी मनोमन लावला होता. 'खिंड' आता जगात एकाच टेबलावर शिल्लक होती आणि ते टेबल त्यांच्या मागच्या खोलीत होतं. "मी मेलो तरी डाव चालला पाहिजे," असं ते उठताबसता म्हणायचे. ऐकणारे हो म्हणायचे आणि चहाचा कप पुढे करायचे.

आणि त्यांनी खरोखरच तो जिवापाड जपला. मूळ पुस्तक खिळखिळं झालं तेव्हा रात्रंदिवस बसून अख्खं हातानं उतरवून काढलं आणि मूळ प्रत डब्यात बंद केली. प्रत्येक पात्राची बोटभर उंचीची बाहुली ते कवळीच्या गुलाबी मसाल्यातून करायचे. दवाखान्यातल्या नर्सेसना डावाचं वेड लागल्याचं पुतणी सांगत आली तेव्हा त्यांना रडायलाच आलं. आता ती मूळ पुस्तकाचे फोटो काढून नवं पुस्तक छापणार होती. तीन नवी टेबलं तयार होती. आणि उद्याच्या रविवारपासून सांगणाऱ्याची खुर्ची तिला देऊन मालक एकतीस वर्षांत पहिल्यांदाच खेळाडू म्हणून बसणार होते.

"कशानं चिकटलंय?" त्यांनी विचारलं, पण त्यांना ते कळलं होतं. पानाच्या कडेला बारीक गुलाबी रेघ दिसत होती. मेण. त्यांचंच. खोकं आणलं त्या पहिल्या महिन्यात ते याच बाकड्यावर, काम करता करता, अधाशासारखं पुस्तक वाचायचे.

पुतणीनं पान मेणाच्या गरम पातेल्यावर धरलं आणि मेण कोरायच्या पातळ सुरीनं अलगद सोडवलं. आतली अक्षरं काल छापल्यासारखी स्वच्छ होती. तिनं मोठ्यानं वाचलं.

"'दोन एक्के पडल्यावर, कागद फाडण्याआधी, सांगणाऱ्यानं टेबलावरच्या प्रत्येकाला एकदा विचारावं : कोणी काही देतंय का? कोणीही आपल्या पात्राची एक वस्तू कायमची खोडून दिली, तर मरणारा वाचतो. सांगणाऱ्याला स्वतः काही देता येत नाही.'"

ती थांबली. "काका, तुमच्या वहीत तर..."

मालकांच्या वहीत, त्यांच्याच सुबक अक्षरात, एवढंच होतं की दोन एक्के पडले की पात्र मरतं आणि ज्याचं त्यानं कागद फाडायचा. त्याच्यापुढे नवा भाग सुरू होत होता.

एकतीस वर्षांत टेबलावर सदतीस कागद फाटले होते. मालकांनी त्यांचे तुकडे एका डब्यात ठेवले होते, आणि त्या डब्याचा त्यांना अभिमान होता. आमचा डाव लेचापेचा नाही, असं ते नव्या माणसाला डबा उघडून दाखवायचे.

"हे परत चिकटव," ते म्हणाले.

"काय?"

"मेण देतो. चिकटव. इतकी वर्षं चाललंय ना त्याच्यावाचून?"

"छापायचंय काका मला. नियम खाऊन छापू?" पुतणी तशी गोड होती, पण एक्स-रे काढणाऱ्या माणसाला आत दिसलं ते नाही म्हणता येत नाही. "डाव टिकवायचाय की तुमचा शब्द, ते सांगा."

 मालकांना कंडक्टर आठवत होता.

कंडक्टर त्यांचा शाळेपासूनचा मित्र. दिवसभर बसमध्ये दुसऱ्यांना त्यांच्या त्यांच्या थांब्यावर उतरवायचा आणि रविवारी वाटाड्या व्हायचा. अकरा वर्षं तो एकच वाटाड्या खेळला. त्याला त्यानं लंगडा पाय दिला होता आणि एक शीळ, जी तो टेबलावर खरोखर वाजवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी त्याची बायको मुलांना घेऊन भावाकडे निघून गेली ती आलीच नाही. तेव्हा तो रविवारी दुपारी तीनचा डाव असला तरी एक वाजताच यायचा. मालकांची बायको त्याला जेवायला वाढायची. तो जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा आणि आपली बाहुली टेबलावर मांडून वाट बघत बसायचा.

त्याच महिन्यात एका रविवारी वाटाड्या ओढा ओलांडत होता. कडा नाही, वादळ नाही, गुडघाभर पाणी. फासे टाकायचं कारणही नव्हतं खरं, पण मालक शिस्तीचे. दोन एक्के.

"गुडघाभर पाण्यात?" कंडक्टरनं हसतच विचारलं होतं.

"दोन एक्के आहेत."

"अरे, पुस्तकात काही तरी असेल ना उपाय?"

"नाही."

"बघ तरी एकदा."

"मला पाठ आहे," मालक म्हणाले होते.

कंडक्टरनं कागद फाडला. रिवाजाप्रमाणे सगळे एकदम म्हणाले, "पुढे." मेलेल्यानं उठून चहा करायचा अशीही पद्धत होती. ती पडली मालकांच्या बायकोमुळे. अगदी सुरुवातीला माणसं कमी पडत म्हणून मालकांनी तिला बसवलं होतं. चौथ्याच महिन्यात तिचं पात्र गेलं, ती चहा टाकायला म्हणून उठली आणि पुन्हा टेबलाला बसली नाही. चहा मात्र ती कायम आणून देत राहिली. ट्रेमधले कप वाजले की मालक फाशांवरची नजर न काढता म्हणायचे, "जरा आवाज." फासे फिरत असताना चिटपाखरूही बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पुस्तकात तोही नव्हता.

तर कंडक्टरनं चहा केला. सगळ्यांना दिला, स्वतःला घेतला नाही, चपला घातल्या आणि गेला. बाहुली तेवढी खिशात घालून घेऊन गेला. त्यानंतर एकोणीस वर्षं तो रस्त्यात दिसला की मालक समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागायचे.

संध्याकाळ व्हायच्या आत मालक त्याच्याकडे गेले. कपडे धुण्याच्या दुकानावर त्याची एक खोली होती, खालून सतत वाफ आणि साबणाचा वास यायचा. दार उघडून कंडक्टरनं त्यांना नखशिखांत बघितलं.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. तसाच आलो."

"एकोणीस वर्षांत तसाच नाही आलास तो?"

मालकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चिकटलेली पानं, मेण, नियम. सांगताना त्यांनी दोनदा 'चुकून' म्हटलं आणि एकदा 'तेव्हा कुणाला माहीत होतं' असं म्हटलं. कंडक्टर खाटेवर बसून ऐकत होता. त्याच्या तोंडात कवळी होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरकडून माप आलं तेव्हा चिठ्ठीवरचं नाव मालकांनी ओळखलं होतं आणि तीन दिवस खपून ती केली होती. कधी कुणाला बोलले मात्र नव्हते.

"म्हणजे विचारायचं होतं," कंडक्टर म्हणाला.

"हो."

"एवढंच? नुसतं विचारायचं?"

"हो रे."

"त्या दिवशी टेबलाला कोण होतं? शिंपीणबाई होत्या. पंपवाला होता. त्यांनी दिलं असतं?"

"दिलं असतं," मालक म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

कंडक्टरनं खिडकीतून खाली बघितलं. "मी म्हटलं होतं तुला, बघ तरी एकदा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मालकांना बरं वाटलं असतं.

"उद्या ये. मी आता सांगणारा नाही. मीही तुमच्यासारखाच बसणार आहे."

"येतो की. का नाही येणार?" कंडक्टर हसला. कवळी उत्तम बसली होती.

रविवारी तीन वाजता पाच माणसं टेबलाला बसली. हातांच्या खुर्चीत पुतणी. मालक स्टुलावर. एका बाजूला बायकांचे कपडे शिवणाऱ्या शिंपीणबाई, दुसऱ्या बाजूला पाण्याचे पंप दुरुस्त करणारा पंपवाला. समोर कंडक्टर, इस्त्रीचा शर्ट घालून.

पुतणीनं नवा नियम वाचून दाखवला.  पंपवाल्याला गप्प राहवायचं नाही, तो म्हणाला, "च्यायला मालक, माझे पाच गेले तुमच्या मेणापायी! पंपाचं वायसर उलटं बसवावं तसं झालं हे. अख्खी मोटर जळाली आणि आपण विजेला शिव्या देतोय." तो एकटाच हसला.

शिंपीणबाई हळू बोलायच्या. "तेव्हा माझ्याकडे घोडा होता," त्या म्हणाल्या. "आठवतंय मला. कंडक्टरांचा वाटाड्या ओढ्यात गेला तेव्हा. मी घोडा दिला असता." त्यांनी मालकांकडे बघितलं. "आणि माझ्या दाईच्या वेळी विचारलं असतं तर माझीसुद्धा दाई राहिली असती. आठ वर्षं खेळले होते तिला."

मालक म्हणाले, "मला कुठं माहीत होतं?"

"तुम्हाला पाठ होतं," शिंपीणबाई म्हणाल्या.

कंडक्टरनं खिशातून बाहुली काढून टेबलावर ठेवली. गुलाबी रंग उडून पिवळट झाला होता, लंगडा पाय मात्र शाबूत होता. "हा परत घेता येईल का?" त्यानं पुतणीला विचारलं.

पुतणी घुटमळली. "काका, एवढं एक तुम्ही सांगा. शेवटचं."

सगळे मालकांकडे बघायला लागले. हो म्हणायला काही लागत नव्हतं. मालकांच्या तोंडावर ते आलंही होतं. पण एकतीस वर्षांची सवय. एकदा ढिलं सोडलं की डाव उरत नाही, हे त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं. शिवाय आता तीन नवी टेबलं या टेबलाकडे बघणार होती.

"कागद फाडण्याआधी विचारायचं, असं आहे," ते म्हणाले. "फाडल्यावर नाही."

"बरोबर आहे," कंडक्टर म्हणाला. त्यानं बाहुली खिशात टाकली. "नवा कागद दे पोरी."

मालकांचा कागद त्यांनी आठवडाभर आधीच लिहून ठेवला होता. दोर वळणारा. वय बावीस. गुण : हात स्थिर. वस्तू एकच, स्वतः वळलेला दोर. बाहुलीही त्यांनी स्वतःच केली होती. थरथरत्या हातांनी ती जरा ओबडधोबड झाली होती, म्हणून ती त्यांनी कपाच्या आड ठेवली होती.

सुरुवातीला त्यांना जमेना. पुतणी खिंडीचं वर्णन करायला लागली की ते मधेच तिला सुधारायचे, आणि ती "काका" म्हणून थांबवायची. पण अर्ध्या तासानं काहीतरी झालं. दोर वळणाऱ्यानं शिंपीणबाईंच्या विधवेला एक अवघड टप्पा चढवून दिला, पंपवाल्याच्या चोरानं त्याचा दोर लपवून परत दिला, आणि मालक मोठ्यानं हसले. हे असं असतं होय, असं त्यांच्या मनात आलं. इतकी वर्षं आपण याच्या पलीकडच्या बाजूला बसून होतो. त्यांना फार म्हणजे फारच आनंद झाला, आणि अडुसष्टाव्या वर्षी तो चेहऱ्यावरून लपवावा असंही त्यांना वाटलं नाही.

मग झुलता पूल आला. दोर वळणारा म्हणाला, मी आधी जातो, दोर बांधतो, मग तुम्ही या. पुतणीनं फासे पुढे सरकवले. खोलीत चिडीचूप झालं. मालकांनी फासे टाकले.

दोन एक्के.

"अरेरे," पंपवाला म्हणाला.

मालकांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. आता ते पान होतं. त्यांनी चक्क मान हलवून पुतणीला खूण केली, की विचार.

"कोणी काही देतंय का?" पुतणीनं विचारलं, आणि नियमाप्रमाणे एकेकाकडे वळली. "पंपवाले काका?"

पंपवाल्यानं कान खाजवला. "दिलं असतं हो मालक. पण माझ्या चोराकडे एक पहार आहे, ती गेली तर तो चोर कसला? अजून दोघं आहेत ना. ते देतील."

"शिंपीणबाई?"

शिंपीणबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "माझ्याकडे कंदील आहे," त्या म्हणाल्या. "पुढे अंधार आहे म्हणालीस ना तू?" त्यांनी कागद खाली ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवला. "नाही देत."

"कंडक्टर काका?"

कंडक्टरचा कागद गच्च भरला होता. बाकीचे खेळत होते तेव्हा तो बसून लिहीतच होता. त्यानं चष्मा लावला आणि सावकाश, एकेक थांबा पुकारावा तसं, वाचायला सुरुवात केली. "सुरी. घोंगडी. पाण्याची पखाल. चकमक. दोन काठ्या. शिट्टी. मीठ. आणखी एक सुरी. जुन्या जोड्यांचा जोड." नऊ वस्तू झाल्या. सगळे वाट बघत होते. मालक त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्या जुन्या जोड्यांचा जोड तर तो सहज देईल, असं त्यांना वाटत होतं.

कंडक्टरनं चष्मा काढून मिटला.

"नाही," तो म्हणाला.

मालकांनी पुतणीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण बोट त्या पानावर होतं. "सांगणाऱ्याला देता येत नाही, काका," ती म्हणाली. "तसं लिहिलंय."

"माहीत आहे मला," मालक म्हणाले.

त्यांनी कागद हातात घेतला. तो सरळ फाटेना. हात थरथरत होते, त्यामुळे फाटत फाटत तो कडेला जायचा, मग पुन्हा वरून सुरू करायला लागायचं. कुणी हात लावला नाही, कारण ज्याचा त्यानं फाडायचा हा नियम वहीतही होता आणि पुस्तकातही. बऱ्याच वेळानं दोन तुकडे झाले. त्यांनी ते डब्यात टाकले.

"पुढे," सगळे म्हणाले. मालकही म्हणाले.

मग ते उठले आणि चहा टाकायला गेले. स्वयंपाकघरातून त्यांना पूल ओलांडल्याचा कल्लोळ ऐकू आला, पंपवाल्याचं हसणं, आणि त्याच्यावर एकदम एक शीळ. एकोणीस वर्षांत त्यांनी ती ऐकली नव्हती. डाव रंगला होता. इतका रंगलेला त्यांनी तो कधी सांगितला नव्हता. हा आता मोडत नाही, हे त्यांना पातेल्याशी उभ्याउभ्या कळलं.

त्यांनी चार कप भरले आणि ट्रे घेऊन दारात आले. त्यांचं स्टूल मागे सरकवून त्याच्यावर पुढच्या वाटेचा नकाशा की काय तो पसरला होता. चौघं टेबलावर ओणवी झाली होती. पुतणीनं फासे टाकले होते आणि ते अजून फिरत होते. मालकांच्या हातातले कप बशांवर वाजायला लागले.

"काका, जरा आवाज," पुतणी फाशांवरची नजर न काढता म्हणाली.

मालकांनी ट्रे छातीशी दाबून धरला आणि फासे थांबायची वाट बघत ते तिथंच उभे राहिले.